बंदोबस्त उठला, ताऊन राहिला

शालेय इतिहासाच्या पुस्तकांत १८९७ सालचा प्लेग चार-दोन ओळींत आटोपतो. पुण्यात प्लेग आला, रँडसाहेबाने जुलूम केला, चापेकर बंधूंनी त्याला गोळी घातली, धडा संपला. हा धडा वर्गात शिकविताना आम्हांला नेहमी दोन प्रश्न पडत आले आहेत. रँड मेल्यानंतर प्लेगचे पुढे काय झाले, हा पहिला. आणि त्या सगळ्या धामधुमीत आपली माणसे, म्हणजे मुंबई-पुण्याचे मुसलमान, कोठे होते आणि काय करीत होते, हा दुसरा. करोनाची साथ आपण सर्वांनी सोसली, त्यानंतर हे प्रश्न केवळ वर्गातले राहिलेले नाहीत.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आकड्यांतच दिले पाहिजे. १८९८ साली हिंदुस्थानात प्लेगने लाख-सव्वा लाख माणसे दगावली. त्याच सुमारास सरकारने हळूहळू सक्ती मागे घ्यायला सुरुवात केली. घरांच्या झडत्या थांबल्या, रुग्णाला ओढून नेणे थांबले, छावणीत जाणे ऐच्छिक झाले. आणि मग? १९०४ व १९०५ या दोन्ही वर्षी दहा लाखांहून अधिक माणसे मेली. १९०७ साली तर हा आकडा तेरा लाखांच्या आसपास गेला. म्हणजे बंदोबस्त उठला तेव्हा साथ ओसरलेली नव्हती, ती चढत होती.

यापेक्षाही विचार करायला लावणारी गोष्ट पुढेच आहे. प्लेगचे दंगे, हरताळ, खून, हे सारे पहिल्या तीन-चार वर्षांत झाले, जेव्हा मृत्यू तुलनेने कमी होते. मरणाऱ्यांची संख्या दसपट झाली तेव्हा रस्ते मात्र शांत होते. लोक निर्बंधांवर एवढे चिडले आणि मरणावर एवढे गप्प राहिले, असे का? लोकांना जीव प्यारा नव्हता काय? की त्यांचे भांडण मुळात वेगळ्याच गोष्टीशी होते? या कोड्याचा उलगडा करण्याचा आम्ही येथे प्रयत्न करणार आहोत.

पहिली ढील

२३ सप्टेंबर १८९६ रोजी मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या मूळ गोव्याच्या डॉक्टरांनी पहिला रुग्ण ओळखला. बंदराला लागून असलेली ही वस्ती, धान्याची कोठारे, दाटीवाटीच्या चाळी. हाँगकाँगला १८९४ साली प्लेगची मोठी साथ झाली होती आणि तिकडची जहाजे मुंबईच्या गोदीला लागत होती. मराठी पत्रे या रोगाला ‘ग्रंथिक सन्निपात’ म्हणू लागली, साधी माणसे ‘गाठीचा ताप’ म्हणत, आणि आपल्याकडे जुनाच शब्द होता: ताऊन.

महापालिकेचे आयुक्त स्नो यांनी ऑक्टोबरच्या पहिल्याच आठवड्यात हुकूम काढला. रुग्ण सापडला की त्याला वेगळे काढायचे, घर धुऊन काढायचे, गरज पडल्यास बळाने रुग्णालयात न्यायचे. आर्थर रोडचे रुग्णालय म्हणजे जिवंत जाण्याचे आणि मेल्यावर परत येण्याचे ठिकाण, अशी त्याची ख्याती झाली. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी सुमारे हजारभर गिरणी कामगारांनी या रुग्णालयावर हल्ला केला. लगोलग आयुक्तांनी हुकूम सैल केला. घरीच वेगळे ठेवण्याची सोय असेल तर रुग्णाला हलवायचे नाही, असे ठरले.

प्लेगच्या इतिहासातली ही पहिली ढील. तिच्यामागचे कारण लक्षात ठेवण्यासारखे आहे. आयुक्तांना भीती दंगलीची होतीच, पण त्याहून मोठी भीती होती ती हलालखोरांची, म्हणजे मैला उचलणाऱ्या आणि झाडूवाल्या कामगारांची. ते शहर सोडून गेले तर मुंबई घाणीत बुडेल आणि तिला कोणी वाचवू शकणार नाही, हे आयुक्त जाणून होते. शहरातल्या सर्वांत खालच्या समजल्या गेलेल्या माणसांच्या पायांत एवढी ताकद होती की त्यांच्या निघून जाण्याच्या नुसत्या शक्यतेने सरकारी हुकूम बदलला. अर्ज-विनंत्यांनी जे झाले नसते ते यामुळे झाले.

हिवाळ्यात प्लेग भडकला. डिसेंबर-जानेवारीत मुंबईकर बोचकी बांधून पळू लागले. आठ लाखांच्या शहरातली जवळजवळ निम्मी माणसे फेब्रुवारी १८९७ पर्यंत निघून गेली. आगगाड्या, पडाव, बैलगाड्या भरभरून कोकणात, घाटावर, गुजराथेत गेल्या आणि त्यांच्याबरोबर रोगही गेला. आता बोंब उठली ती वरून. इंग्रजी पत्रे म्हणू लागली, महापालिकेने कच खाल्ली. युरोपातल्या सरकारांनी हिंदुस्थानच्या मालावर आणि जहाजांवर बंदी घालण्याची भाषा सुरू केली. त्यासाठी व्हेनिसला आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली. कापसाचा आणि कातड्याचा व्यापार धोक्यात आला, तेव्हा कोठे सरकार जागे झाले. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा आला. त्या वर्षी मुंबईहून हजला जाणाऱ्या यात्रेकरूंवरही बंदी आली.

म्हणजे पाहा, सक्ती सैल झाली ती हलालखोरांच्या आणि गिरणी कामगारांच्या भीतीने, आणि पुन्हा कडक झाली ती व्यापाराच्या भीतीने. मांडवीच्या चाळीत मरणाऱ्या माणसाचा विचार दोन्ही वेळा मागेच राहिला.

मदनपुरा, ९ मार्च १८९८

नव्या कायद्याने अधिकाऱ्यांच्या हातात जवळजवळ सारे अधिकार दिले. मुंबईत जनरल गॅटेकर यांच्या हाताखाली प्लेग समिती बसली, पुण्यात रँड आले. गोरे सोजीर घराघरांत शिरू लागले. देवघर असो की जनानखाना, बूट न काढता. अंगावरच्या गाठी पाहण्यासाठी माणसांना उघडे करून तपासू लागले. पुण्याच्या या काळावर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, टिळकांना राजद्रोहाखाली शिक्षा झाली, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याच पुण्यात १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना स्वतः त्या रोगाने गेल्या. त्याही रुग्णाला उचलूनच दवाखान्यात आणीत होत्या. पण सोजिराच्या उचलण्यात आणि सावित्रीबाईंच्या उचलण्यात जो फरक होता, तोच या लेखाचा विषय आहे.

मुंबईच्या मदनपुऱ्यात राहणारे जुलाहे, म्हणजे मोमीन विणकर, हे बहुतेक उत्तर हिंदुस्थानातून आलेले. १८५७ च्या बंडानंतर, आणि विलायती कापडाने हातमाग मोडल्यावर, आझमगड, बनारस, अलाहाबादकडचे हे लोक दक्षिणेकडे सरकले. काही मुंबईत राहिले, काही मालेगाव, भिवंडीला स्थिरावले. घरातच माग, घरातच संसार, आणि त्याच खोलीत बायकामुले. पडदा पाळायला वेगळी जागा नव्हती, म्हणून उंबरठा हाच पडदा.

९ मार्च १८९८ रोजी प्लेगची तपासणी करणारे पथक रिपन रोडवरच्या एका घरात शिरले. घरात एक आजारी मुलगी होती. तिला रुग्णालयात न्यायचे म्हटल्यावर घरच्यांनी नकार दिला, शेजारी जमले, गर्दी वाढली, दगड सुरू झाले. पोलिसांनी गोळीबार केला. मग मात्र वणवा पसरला. बेलासिस रोड, ग्रँट रोडपर्यंत दंगल गेली आणि तिच्यात हिंदू कामगारही मिसळले. दोन गोरे सोजीर मारले गेले. गोळीबारात मेलेले लोक याहून पुष्कळ अधिक होते. दुसऱ्या दिवशी गोदी कामगार आणि गाडीवानांनी काम बंद ठेवले. बंदर ठप्प झाले.

सरकारी कागदांत या घटनेचे कारण मुसलमानांच्या धर्मवेडात शोधले गेले. आम्हांला हे पटत नाही. आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला करणारे गिरणी कामगार काय मुसलमान होते? रँडवर गोळी झाडणारे काय जुलाहे होते? ११ एप्रिल १९०० रोजी कानपूरला प्लेगची छावणी जाळण्यात आली, तिच्यात हिंदू आणि मुसलमान दोघेही होते. म्हैसूर संस्थानात श्रीरंगपट्टणजवळ आणि पंजाबात गढशंकरलाही असेच झाले. धर्म वेगवेगळे, भाषा वेगवेगळ्या, पण चीड एकाच गोष्टीची: घरात घुसणे, बायकांच्या अंगाला हात लावणे, आजाऱ्याला नातलगांपासून तोडणे, आणि मयताची विटंबना. आपल्याकडे मयताला गुसल, कफन, नमाजे-जनाजा आणि दफन यांत उशीर करू नये अशी शिकवण आहे. डॉक्टर येऊन प्रेत तपासेपर्यंत ते ठेवून द्यायचे, या हुकमाने माणसे जेवढी दुखावली तेवढी कदाचित रोगानेही दुखावली नसतील.

मोठी माघार

मदनपुऱ्याच्या दंगलीनंतर सरकारची भाषा बदलली. मोहल्ल्यातल्या प्रतिष्ठित लोकांना बरोबर घेतल्याशिवाय तपासणी नको, स्त्रियांना स्त्रियांनीच पाहावे, हकीम-वैद्यांना रुग्णाजवळ येऊ द्यावे, जाती-जमातींच्या स्वतंत्र रुग्णालयांना उत्तेजन द्यावे, असे हुकूम निघू लागले. यांतल्या काही सोयी मुंबईत आधीपासून होत्या. आता त्या सरकारी धोरण झाल्या. फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखाली १८९८ साली नेमलेल्या प्लेग कमिशननेही प्रेत-तपासणी आणि सक्तीची धरपकड यांच्या उपयुक्ततेवर प्रश्नचिन्ह लावले. कानपूरच्या प्रकारानंतर तर उत्तरेतही सक्तीचे दिवस संपले. आणि त्याच वर्षांत मृत्यूंचा आकडा चढत गेला. एकट्या मुंबई शहरात १९०३ साली सुमारे २० हजार माणसे प्लेगने मेली.

या माघारीचे लोकांनी स्वागत कसे केले? विजयाच्या मिरवणुका निघाल्या नाहीत. लोक आपापल्या कामाला लागले. पण दोन-तीन गोष्टी अशा झाल्या ज्यांची नोंद घेतली पाहिजे.

एक म्हणजे, सक्ती गेल्यावर पुष्कळ ठिकाणी लोक स्वतःहून पुढे आले. हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. लशीबद्दल नाना अफवा होत्या. टोचले की माणूस नपुंसक होतो, टोचले की बाटवतात, टोचले की मरतो. अशा वेळी एकोणीस वर्षांचे आगाखान (तिसरे) पुढे आले आणि त्यांनी आपल्या जमातीसमोर, सर्वांच्या देखत, स्वतःला लस टोचून घेतली. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. त्यांचे पाहून हजारो खोजांनी लस घेतली. माझगावची आपली खुश्रू लॉज ही वास्तू त्यांनी हाफकिन यांच्या प्रयोगशाळेला वापरायला दिली. हुबळीला १८९८ साली तीस हजारांहून अधिक लोकांनी लस घेतली. तेथे लस घेणाऱ्याला छावणीतून सूट होती, हा हिशेबी भाग सोडला तरी सोजिराच्या बंदुकीने जे साधले नाही ते येथे साधले. दिल्लीच्या हकीम अजमल खान यांनी १८९७ साली प्लेगवर उर्दूत पुस्तिका लिहिली, ती याच काळात. आपल्या समाजात अडाणीपणा होता हे खरे, पण शहाणपणही होते, आणि ते समाजाच्या आतूनच येत होते.

दुसरी गोष्ट खेड्यांत झाली. घरात उंदीर मरून पडू लागले की गाव सोडायचे, हे शेतकऱ्यांनी अनुभवाने ओळखले. माळावर, शेतात झोपड्या घालायच्या, दोन-तीन महिने तेथे काढायचे आणि उन्हाळ्यात घरे शाकारून, सारवून परत यायचे. सातारा, नाशिक, कोल्हापूरकडच्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी प्लेगच्या झोपड्यांच्या आठवणी पुढे किती तरी वर्षे होत्या. सरकारी छावणीला आग लावणारे लोक स्वतःच्या छावणीत आनंदाने जात होते, कारण तेथे चूल आपली होती आणि शेजारही आपला होता.

हदीसचा अर्थ

येथे आपल्या समाजातली एक जुनी चर्चा आठवते. जेथे ताऊन असेल तेथे जाऊ नका, आणि तुम्ही असाल तेथे तो आला तर तेथून पळून बाहेर पडू नका, अशा आशयाची हदीस सर्वांना माहीत आहे. तिचा आधार घेऊन काही जण घर सोडायला तयार नव्हते. मरण यायचे असेल तर घरात येईल, असे ते म्हणत. सरकारी अधिकारी याला दैववाद म्हणून मोकळे होत.

पण या हदीसचा इतिहास पाहिला तर चित्र वेगळे दिसते. हिजरी सन १८, म्हणजे इ. स. ६३९ च्या सुमारास, शाममध्ये अम्वासचा ताऊन आला. खलिफा हजरत उमर (रजि.) सरग या ठिकाणापर्यंत पोहोचले होते. पुढे जावे की परतावे, यावर त्यांनी मुहाजिर, अन्सार, कुरैशचे वडीलधारे, सर्वांचा वेगवेगळा सल्ला घेतला आणि परतण्याचा निर्णय केला. हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले की हे अल्लाहच्या तकदीरपासून पळणे नव्हे काय? त्यावर हजरत उमरांचे म्हणणे असे होते की आम्ही एका तकदीरकडून दुसऱ्या तकदीरकडेच जात आहोत. मग हजरत अब्दुर्रहमान बिन औफ यांनी ती हदीस सांगितली आणि खलिफांच्या निर्णयाला बळ मिळाले. पुढे अबू उबैदा आणि मुआज बिन जबल हे दोघेही त्याच ताऊनमध्ये गेले. त्यांच्यानंतर अम्र बिन आस यांनी लोकांना डोंगरांत पांगण्यास सांगितले, आणि साथ ओसरली.

या प्रसंगात आम्हांला दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. पहिली, रोग दुसऱ्या गावात नेऊ नये हा हेतू स्पष्ट आहे. गावच्याच शिवारात झोपडी घालणे म्हणजे मुलूख सोडणे नव्हे. दुसरी, निर्णय घेण्याआधी खलिफांनी मशविरा केला, आणि शंका विचारणाऱ्याला धर्मद्रोही ठरविले नाही, उत्तर दिले. तेराशे वर्षांनंतरच्या राज्यकर्त्यांना जे सुचले नाही ते हे.

मूळ शत्रू कोण?

आता एक अवघड प्रश्न. सक्ती उठली आणि मरणे वाढली, म्हणजे सक्तीच बरोबर होती काय? मदनपुऱ्याच्या लोकांनी त्या मुलीला अडवून ठेवले म्हणून पुढची लाखो माणसे मेली काय?

याचे उत्तर विज्ञानाने दिले आहे, पण उशिरा. पॉल लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने १८९८ साली कराचीला प्रयोग करून दाखविले की प्लेग उंदरावरच्या पिसवेमुळे पसरतो. त्याचे म्हणणे तेव्हा कोणी मनावर घेतले नाही. १९०५ नंतर मुंबईत काम करणाऱ्या संशोधन मंडळाने ते पूर्णपणे सिद्ध केले. म्हणजे गाठीचा प्लेग सहसा माणसाकडून माणसाला होत नाही. आजारी मुलीला आईच्या कुशीतून काढून नेल्याने मोहल्ला वाचणार नव्हता. घरात मेलेला उंदीर आणि त्याच्या अंगावरच्या पिसवा मागेच राहणार होत्या. गटारांत औषधे ओतून धुण्याची जी मोहीम काढली होती तिनेही उंदीर बाहेर पडून शेजारच्या घरांत गेले असणार. सरकारने माणसांवर चढाई केली, उंदराकडे कोणी फारसे पाहिले नाही. म्हणून सक्तीच्या काळातही साथ आटोक्यात आली नव्हती, आणि सक्ती उठल्याने ती वाढली असे म्हणणेही बरोबर नाही. ती आपल्या गतीने, रेल्वेच्या आणि धान्याच्या वाटेने, वाढत गेली.

मग सरकारचा दोष नव्हता काय? होता, आणि तो येथेच आहे. सक्ती सोडली हा दोष नव्हता. सक्तीबरोबर जबाबदारीही सोडून दिली, हा दोष होता. दंगे थांबले, व्यापार सुरळीत झाला, युरोपची बंदी टळली, आणि मग प्लेगची निकड संपली. चाळींच्या अंधाऱ्या खोल्या तशाच राहिल्या, धान्याची कोठारे वस्तीतच राहिली. लशीचा विश्वास बसत असतानाच ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबात मलकोवाल या गावी एकाच बाटलीतून टोचलेले १९ लोक धनुर्वाताने मेले. हाफकिन यांच्यावर ठपका आला आणि तो पुसला जायला १९०७ साल उजाडावे लागले. या मधल्या काळात लोकांचा तुटलेला विश्वास कोणी जोडला? त्याच पंजाबात १९०७ साली देशातल्या एकूण प्लेग-मृत्यूंपैकी निम्म्याच्या आसपास मृत्यू झाले.

सुरुवातीच्या कोड्याचा उलगडा आम्हांला असा वाटतो. लोकांचे भांडण रोगाशी किंवा औषधाशी नव्हते, ते अब्रूशी निगडित होते. अब्रूवरचा हल्ला थांबला, भांडण संपले. पण जिवाचे काय, हा प्रश्न विचारायची सवय त्या लोकांना नव्हती, कारण राज्य आपले आहे आणि त्याने आपल्याला जगवले पाहिजे, असे त्यांना कधी वाटलेच नव्हते. ‘आम्हांला सोडा’ एवढीच त्यांची मागणी होती. सरकारने ती अक्षरशः मान्य केली आणि त्यांना सोडून दिले. १९१८ साली इन्फ्लुएंझा आला तेव्हा ना झडत्या झाल्या, ना छावण्या, ना दंगे. हिंदुस्थानात सव्वा कोटीहून अधिक माणसे गेली आणि इतिहासाच्या पुस्तकात त्यांना एक ओळही मिळाली नाही.

आपल्या डोळ्यांसमोरचा इतिहास

२०२० साली हाच १८९७ चा कायदा पुन्हा कपाटातून बाहेर आला. २५ मार्चला टाळेबंदी लागली तेव्हा देशात रुग्ण काही शेकड्यांत होते. १ जूनला निर्बंध उठविण्याचा पहिला टप्पा सुरू झाला तेव्हा ते सुमारे १ लाख ९० हजार झाले होते, आणि सप्टेंबरच्या मध्यास एका दिवसात ९७ हजारांहून अधिक नवे रुग्ण सापडले. पुन्हा तेच: बंदोबस्त उठत होता आणि साथ चढत होती.

फरकही होता. करोना माणसाकडूनच माणसाला होत होता, म्हणून अंतर राखण्याला या वेळी शास्त्राचा आधार होता. पण लोकांच्या भावना त्याच जुन्या वाटेने गेल्या. हातावर पोट असलेल्याला टाळेबंदी उठणे म्हणजे रोटी परत मिळणे होते. घरी बसून पगार मिळणाऱ्याला तीच गोष्ट बेपर्वाई वाटत होती. ४ मेला दारूची दुकाने उघडली आणि रांगा लागल्या, महाराष्ट्रात मशिदी-मंदिरे मात्र १६ नोव्हेंबरपर्यंत बंद राहिली. मशिदी उघडाव्यात म्हणून औरंगाबादला, आणि विठ्ठलाचे दार उघडावे म्हणून पंढरपूरला, अशी दोन्हीकडे आंदोलने झाली. रमजानच्या तरावीह आणि ईदची नमाज आपण घरात पढलो. आषाढीची वारीही त्या वर्षी पायी निघाली नाही. या संयमाची दखल फारशी कोणी घेतली नाही.

दखल घेतली गेली ती दुसऱ्याच गोष्टीची. मार्च २०२० मध्ये दिल्लीच्या मरकजचे प्रकरण निघाले आणि साऱ्या साथीचे खापर एका समाजावर फोडण्यात आले. भाजीवाल्याला नाव विचारून गल्लीत येऊ न देण्यापर्यंत मजल गेली. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २१ ऑगस्ट २०२० रोजी परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा बनविण्यात आल्याचे स्पष्ट सांगितले. १८९८ सालच्या ‘धर्मवेडा जुलाहा’ या शब्दांची आठवण आम्हांला तेव्हा झाली. ३० मार्चला मुंबई महापालिकेने करोनाने मेलेल्या सर्वांचे, कोणत्याही धर्माचे असोत, दहनच करावे असे परिपत्रक काढले. त्याच दिवशी ते बदलावे लागले. सव्वाशे वर्षांपूर्वी जी गोष्ट गोळीबारापर्यंत गेली ती या वेळी काही तासांत, बोलून मिटली. लोकशाहीचा हा फायदा लहान नाही.

मात्र जुलाह्यांचेच वंशज असलेल्या मालेगावच्या यंत्रमाग कामगारांत पुढे लसीकरण मागे पडले, हेही खरे. त्याला दुर्लक्ष कारण होते, अफवा कारण होत्या, आणि सरकारी माणूस दारात आला की काही तरी हिरावून नेणार, ही पिढ्यान्‌पिढ्यांची धास्तीही कारण होती. त्याच वेळी मुंबईत मुस्लिम स्वयंसेवक बेवारस हिंदू प्रेतांना खांदा देऊन स्मशानात नेत होते. दोन्ही चित्रे आपलीच आहेत. एक दाखवायचे आणि दुसरे लपवायचे, असे करून इतिहास लिहिता येत नाही.

निर्बंध उठले की आपण सुटकेचा श्वास टाकतो. तो टाकलाच पाहिजे. पण त्याच वेळी विचारलेही पाहिजे की पथक गेले, आता दवाखाना येणार आहे का? नाकेबंदी उठली, आता पाणी, हवा आणि उजेड असलेले घर मिळणार आहे का? मदनपुऱ्याने ‘आमच्या घरात घुसू नका’ हे सांगितले आणि ते सरकारला ऐकावे लागले. ‘आम्हांला मरू देऊ नका’ हे सांगायचे तेव्हा राहिले होते. ते सांगणे आता नागरिक म्हणून आपला हक्क आहे.

आणि एक काम आपल्या हातातले आहे. प्लेगचे मृत्यू सरकारी आकड्यांत उरले, कारण त्यांची नावे कोणी जपली नाहीत. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत आपल्या गावोगावच्या कब्रस्तानांत किती दफने झाली, त्याच्या नोंदवह्या जमातींकडे, ट्रस्टांकडे आहेत. त्या वाळवी लागण्याआधी उतरवून घ्याव्यात, त्यांत नाव, वय, पेशा आणि मोहल्ला लिहावा. कोणाला खाट मिळाली नाही, कोणाला प्राणवायू मिळाला नाही, कोण उपचाराला घाबरून घरीच राहिला, हेही त्यापुढे लिहावे. शाळेतल्या वरच्या वर्गांची मुले हे काम सहज करू शकतील. पुढच्या पिढीच्या शिक्षकाला हा धडा शिकवायचा असेल तेव्हा त्याच्या हाती निदान ही एक वही असावी.